पडणाऱ्या माणसाचा चेहरा : तय्यब मेहता यांची रेखाटने

मराठी वाचकाला तय्यब मेहता हे नाव बहुधा लिलावाच्या बातमीतून ठाऊक झालेले असते. २००२ साली त्यांचे ‘सेलिब्रेशन’ हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात ३ लाख १७ हजार ५०० डॉलरला गेले, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे दीड कोटी रुपयांना. २००५ साली ‘महिषासुर’ने दहा लाख डॉलरचा आकडा ओलांडला. मेहता २००९ मध्ये अल्लाला प्यारे झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, १९५६ सालचे ‘ट्रस्ड बुल’ हे चित्र ६१ कोटी ८० लाख रुपयांना विकले गेले. या आकड्यांवर भरपूर छापून आले. मात्र त्या चित्रांतला जो माणूस आहे, जो सतत पडतो आहे, त्याच्याकडे नीट पाहावे असे फार थोड्यांना वाटले.

आम्ही येथे त्यांच्या मोठ्या रंगीत कॅनव्हासविषयी बोलणार नाही. कागदावर शाईने, पेन्सिलीने वा कोळशाने त्यांनी जी रेखाटने केली, त्यातल्या पडणाऱ्या मानवाकृतींपुरतेच बोलावयाचे आहे. आम्ही चित्रकार नाही, कलेचे अभ्यासक म्हणवून घेण्याइतका अधिकारही आमच्यापाशी नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणे हा आमचा व्यवसाय. पण मजकूर वाचायला शिकवणे हेच आमचे रोजचे काम असल्याने, रेषा कशी वाचावी हा प्रश्न आम्हाला परका वाटत नाही.

प्रथम अशा रेखाटनात दिसते काय, ते पाहू. कागदाचा बराचसा भाग कोरा. त्यात एक देह, आणि तो कोसळतो आहे. कोठून कोसळला हे दाखवलेले नाही. ना खिडकी, ना कडा, ना मचाण. खाली जमीनही काढलेली नाही. डोके खालच्या बाजूला आले आहे, पाय वर फेकले गेले आहेत. एक हात कोठे संपतो आणि दुसरा अवयव कोठे सुरू होतो याचा उलगडा चटकन होत नाही. चेहऱ्याच्या जागी काही खुणा असतात, एखादा डोळा, उघडे तोंड, पण ज्यावरून माणूस ओळखावा असा चेहरा नसतो. छायाप्रकाश जवळपास नाही. जे आहे ते एका रेषेच्या भरवशावर आहे.

असे चित्र समोर आले की पाहणारा दोन प्रश्न विचारतो. हा कोण? आणि याला काय वाटते आहे? दोन्ही प्रश्नांचे उत्तर तो चेहऱ्यात शोधतो. यात त्याचा दोष नाही. सिनेमाने आपल्याला नायकाच्या डोळ्यांतले पाणी जवळून दाखवले आहे. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात दुःखी मुलाच्या गालावर दोन थेंब असतात आणि आनंदी मुलाचे दात दिसतात. भावना म्हणजे चेहऱ्यावर चिकटवलेली चिठ्ठी, अशी आपली समजूत लहानपणापासून पक्की होत जाते. मग चिठ्ठी नसलेले चित्र पाहिले की ‘मॉडर्न आर्ट आपल्याला कळत नाही’ असे म्हणून आपण पुढे जातो.

एका पुस्तकातले असे रेखाटन आम्ही सातवीच्या मुलांना दाखवले होते. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच आला : “सर, इसका चेहरा कहाँ है?” एक म्हणाला, हा झोपला आहे. दुसरा म्हणाला, हा पाण्यात पोहतो आहे. एका मुलीने मात्र पुस्तक हातात घेऊन उलटे धरले आणि म्हणाली, “सर, उलटा पकड़ो तो ये नाच रहा है.” वर्ग हसला. आम्हाला ते उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे वाटले नाही. रेषा तीच, देह तोच, चेहऱ्यात काडीचा फरक नाही. कागद फिरवला आणि कोसळणे हे नाचणे झाले. याचा अर्थ असा की या चित्रातली भावना चेहऱ्यात नव्हतीच. ती होती वजनात. देहाचा भार कोणत्या दिशेने जातो आहे आणि तो पेलायला खाली काही आहे की नाही, यात ती साठवलेली होती.

आमचे म्हणणे एवढेच आहे, आणि ते आम्ही थोडे उलगडून मांडतो. आधुनिक चित्रकाराची मानवाकृती वाचताना ‘कोण’ आणि ‘काय वाटते’ हे प्रश्न मागे ठेवावेत. त्याआधी चार साधे प्रश्न विचारावेत. वजन कोठे आहे? जमीन कोठे आहे? हात काय करीत आहेत? आणि रेषा कोठे धावते, कोठे अडखळते?

मेहतांच्या आकृतीला हे प्रश्न विचारून पाहा. वजन डोक्याकडे आणि खांद्याकडे गेले आहे, म्हणजे देहाचा स्वतःवरचा ताबा सुटला आहे. जमीन नाही, म्हणजे पडणे संपत नाही. आपटून मोकळे होण्याचीही सोय नाही. हात आधार शोधतात, पण धरायला काही नसल्यामुळे स्वतःच्याच देहात अडकतात. रेषा लांबच लांब, न थरथरता, पाठीवरून मांडीपर्यंत उतरते आणि सांध्यापाशी एकदम वळते. किंकाळी काढणाऱ्या माणसाची रेषा वेडीवाकडी असावी असे आपल्याला वाटते. येथे ती शांत आहे. देह तुटतो आहे आणि रेषा शाबूत आहे, या विसंगतीतूनच आपल्या पोटात खड्डा पडतो. चित्रकार ओरडत नाही म्हणून पाहणाऱ्याला ओरडावेसे वाटते.

ही रेषा मेहतांना सहज सापडली नाही. १९२५ साली गुजरातमधील कपडवंज येथे जन्मलेले मेहता मुंबईत वाढले. घर दाऊदी बोहरा समाजाचे. काही काळ त्यांनी ताडदेवच्या फेमस स्टुडिओत चित्रपट संकलनाचे काम केले आणि मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून १९५२ साली पदविका घेतली. फाळणीच्या वेळच्या दंगलीत, १९४७ साली, मोहम्मद अली रोडवरील घराच्या खिडकीतून त्यांनी एका तरुणाला जमावाने ठार मारलेले पाहिले. त्यानंतर ते कित्येक दिवस तापाने आजारी होते आणि ते दृश्य आयुष्यभर आपल्या पाठीशी राहिले, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे.

दुसरी प्रतिमा कत्तलखान्यातली. पाय बांधून जमिनीवर आडवा पाडलेला बैल त्यांनी पन्नासच्या दशकापासून पुन्हा पुन्हा काढला. वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्ये त्यांच्या ‘कूडल’ या १९७० सालच्या लघुपटातही आहेत. त्या चित्रपटाला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला होता. ज्याच्या अंगात एवढी ताकद, त्याचेच चारही पाय बांधलेले; धडपडायलाही जागा नाही. बैलाच्या चेहऱ्यावर आपण माणसासारखे दुःख शोधत नाही. त्याची मान, त्याचे पाय, त्याचे वजन पाहूनच आपल्याला कळते. मेहतांनी माणसालाही याच रीतीने पाहायला शिकवले, असे आम्हाला वाटते. बांधलेल्या बैलाकडून पडणाऱ्या माणसाकडे जाणारा रस्ता सरळ आहे.

१९५९ ते १९६४ ते लंडनला होते. तेथे फ्रान्सिस बेकन या चित्रकाराचा प्रभाव त्यांच्यावर पडला. १९६५ सालच्या ‘फॉलिंग फिगर’ या चित्राला दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात १९६८ साली सुवर्णपदक मिळाले. त्या चित्रातला रंग जाड आहे, खरवडलेला आहे. वेदना रंगाच्या थरांतून येते. पुढे रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. त्यानंतर रंग सपाट आणि स्वच्छ झाला, आणि जड रंगाने जे काम केले होते ते रेषेवर येऊन पडले. मेहतांची रेखाटने चित्राची केवळ पूर्वतयारी वाटत नाहीत, ती याचमुळे.

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न येईल, तो टाळण्यात अर्थ नाही. सजीवाची तसवीर काढावी की नाही, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. आजही काही घरांत मूल माणूस काढते, पण त्याचा चेहरा कोरा ठेवते. मग मेहतांनी चेहरा सोडला तो याच संकोचातून काय? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्यांच्या मागे आधुनिक युरोपीय चित्रकलेचा अभ्यास आहे. शिवाय ज्याने काली आणि महिषासुर एवढ्या आपुलकीने काढले, त्याच्या हाताला मनाई होती असे म्हणता येत नाही. कोरा चेहरा दिसला की त्यामागे मजहब शोधायचा, ही सवय आपल्यातही आहे आणि बाहेरच्यांतही आहे. त्यामुळे चित्रकाराची मेहनत नजरेआड होते.

मात्र उर्दू वाचणाऱ्याला या चित्रापाशी येण्याची एक वाट आधीच तयार आहे. गझलेतल्या माशूकचा चेहरा कोणी नीट पाहिला आहे? त्याचे नाव नसते, गाव नसते. तो स्त्री की पुरुष हेही बऱ्याचदा क्रियापदावरून ठरत नाही. तरीही मीर आणि गालिब वाचताना भावना कमी पडल्याची तक्रार कोणी केलेली नाही. उलट चेहरा मोकळा असल्यामुळे वाचणारा आपले दुःख तेथे ठेवू शकतो. जो शेर न अडखळता ऐकतो, त्याने चेहराविहीन रेखाटनापुढे घाबरावे याला कारण नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. चेहरा काढून टाकल्याने चित्रातून नेमके काय गेले?

आम्ही माजिवड्याला राहतो. येथून बाळकुम, कशेळी करीत जुन्या आग्रा रोडने भिवंडी फार लांब नाही. भिवंडीने मे १९७० ची दंगल पाहिली आणि १९८४ चीही. १९९२-९३ नंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला येऊन राहिली. या पट्ट्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही की जमाव प्रथम काय पाहतो. टोपी, दाढी, टिळा, गळ्यातला ताईत, नाव. आणि तेवढ्याने खात्री पटली नाही तर कपडे उतरवून केलेली तपासणी. ‘हा कोण?’ हा जमावाचा पहिला प्रश्न असतो. मेहतांचे रेखाटन या प्रश्नाचे उत्तर देत नाही. १९४७ चा प्रसंग ऐकणारा लगेच विचारतो, मेलेला तरुण हिंदू की मुसलमान? चित्रातल्या देहावर असे एकही चिन्ह ठेवलेले नाही. जमावाला जे लागते, नेमके तेवढेच चित्रकाराने कागदावरून उचलून घेतले आहे. राहिले आहे ते पडणे.

आमच्या परिचयातले काही जाणकार यावर कडक आक्षेप घेतात. ते म्हणतात, दंगलीत माणूस मारला जातो तो नावामुळेच. मग चित्रातून नाव पुसणे म्हणजे सत्य पुसणे नव्हे काय? सगळ्यांचे दुःख सारखे म्हणता म्हणता कोणाचेच दुःख उरत नाही. हा आक्षेप सोपा नाही आणि तो घेणाऱ्यांना आम्ही संकुचित म्हणणार नाही. पण यात दोन कामांची गल्लत होते आहे. १९७० च्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. मुंबईच्या दंगलींचा अहवाल न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी १९९८ साली सादर केला. अशा अहवालात नाव, गल्ली, तारीख, पोलीस ठाणे हे सर्व असलेच पाहिजे. तेथे पुसट रेषा चालणार नाही. चित्राचे काम त्याच्या आधीचे आहे. पाहणाऱ्याला दया येण्यापूर्वी ‘आपला की परका’ हे विचारण्याची जी खोड आहे, ती क्षणभर बंद पाडणे. अहवाल न्यायासाठी वाचला जातो. रेखाटन पाहून माणूस न्याय मागण्याच्या लायक होतो, असे आम्ही म्हणू.

मानवाकृती वाचता न येण्याची किंमत या देशात चित्रकारांनीही मोजली आहे. १९५४ साली अकबर पदमसी यांच्या जहांगीर कलादालनातील प्रदर्शनात पोलीस आले ते ‘लव्हर्स’ या चित्रांतल्या पुरुषाच्या हाताच्या जागेवरून. तो हात मायेचा की वासनेचा हे कोर्टात गेले आणि पदमसी निर्दोष सुटले. पंढरपुरात जन्मलेले हुसेन यांनी १९७६ साली केलेले सरस्वतीचे रेखाटन वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, एका नियतकालिकात छापले गेले आणि वादळ उठले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये ‘भारतमाता’ म्हणून गाजलेल्या चित्रावरचे खटले रद्द केले, तरी हुसेन मायदेशी परतले नाहीत. २०११ मध्ये लंडनला त्यांचा इंतकाल झाला. त्याच हुसेन यांनी मदर टेरेसांच्या मालिकेत चेहरा न काढता केवळ निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतून आणि मांडीवरच्या मुलातून करुणा दाखवली होती. ज्यांनी रेषेऐवजी फक्त नाव वाचले, त्यांना एका चित्रात अपमान दिसला आणि दुसऱ्यातली माया दिसली नाही.

चेहरा नसणे हाच आधुनिक चित्रकलेचा नियम, असे मात्र कोणी समजू नये. आमच्या ठाण्यातलेच उदाहरण घ्या. सुधीर पटवर्धन हे ठाण्यात राहणारे चित्रकार. २००५ पर्यंत त्यांनी येथे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. लोकलच्या डब्यातली, रस्त्यावरची, इराणी हॉटेलात बसलेली माणसे त्यांनी काढली. त्या माणसांना चेहरे आहेत, आणि पायाखाली जमीनही आहे. ती जमीन पुष्कळदा ठाण्याचीच आहे. तरीसुद्धा त्यांच्या माणसाचा थकवा आपल्याला कळतो तो खांदे कसे उतरले आहेत, खुर्चीवर भार कसा टाकला आहे यावरून. रोज हाडांच्या सावल्या पाहणाऱ्या डॉक्टरला देह कोठे झिजतो हे ठाऊक असणारच. म्हणजे चेहरा असो वा नसो, वजनाचा प्रश्न आधी विचारावा लागतो. फरक एवढाच की पटवर्धनांचा माणूस भार सोसून उभा आहे आणि मेहतांच्या माणसाचा भार सुटला आहे. एकाला शहर आहे, दुसऱ्याला शहराने टाकून दिले आहे. दोघांना शेजारी ठेवून पाहिले तर दोघेही जास्त समजतात.

मेहतांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पडणारी आकृती त्यांनी इतकी वर्षे काढली की काही उत्तरकालीन कामांत पडणे ही रचना होऊन बसते. अवयवांची मांडणी इतकी नेटकी, रेषा इतकी सफाईदार, की देहाला लागत असेल याचा विसर पडतो. दिवाणखान्यात टांगायला अवघड जाणार नाही असे दुःख तयार होते. कोट्यवधींच्या लिलावात याच सफाईचा वाटा असेल काय, अशी शंका येते. जेथे रेषा क्षणभर अडखळते, जेथे हात कोठे ठेवावा याचा निर्णय चित्रकारालाही कठीण गेला असावा असे वाटते, अशी रेखाटने आम्हाला जास्त खरी वाटतात.

शेवटी शाळेचा विषय. आपली मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षांना बसतात. त्यात स्मरणचित्राच्या प्रश्नपत्रिकेत बाजार, जत्रा, बसथांबा असे विषय येतात आणि माणसे काढावीच लागतात. मुले डोके, डोळे, हसू काढून मोकळी होतात. पिशवी उचललेल्या बाईचा एक खांदा खाली गेलेला असतो हे त्यांना कोणी सांगत नाही. माजिवड्याच्या नाक्यावर सकाळी कामाच्या शोधात उभे असलेले मजूर पाहा. चेहरे लांबून दिसत नाहीत. कोणाला काम मिळाले आणि कोण अजून वाट पाहतो आहे, हे उभे राहण्यावरून कळते. ही नजर प्रत्येकापाशी असते; ती चित्राकडे वळवणे एवढेच शिक्षकाचे काम.

आणि ती केवळ चित्रासाठी नाही. रस्त्यात माणूस पडलेला दिसला तर त्याचे नाव विचारण्याआधी त्याचे डोके कोणत्या बाजूला आहे ते पाहावे, त्याखाली हात द्यावा. नाव नंतर विचारता येते.